हारुनची उडी आणि जनान्याचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. ज्याच्यावर सिनेमा दिसतो तो नव्हे, मित्रांनो. त्या पांढऱ्याचे लाड सगळेच करतात. मी निळा, जाडाभरडा, मालेगावच्या मागावर विणलेला. नाशिकच्या एका टॉकीजमध्ये पुढे पुरुष बसत, मागे जनान्यात बायका, आणि मध्ये मी. दिवे लागले की मला ओढायचं, अंधार झाला की बाजूला सारायचं. मालक पाहुण्यांना माझा पन्हा कौतुकाने दाखवत.

माणसं ओळखायला मी तिथेच शिकलो. "आम्ही नाही बाई सिनेमात रडत" म्हणणाऱ्या डोळे मलाच पुसत. उपवासाच्या दिवशी भजी खाऊन बोटं पुसणाऱ्या दोघीतिघी अजून ध्यानात आहेत; नावं सांगणार नाही.

एके वर्षी मारधाडीचा हिंदी बोलपट आला. घोडे, तलवारी, जळता पूल, आणि शेवटी नायिका कड्यावरून घोड्यासकट नदीत उडी घेते. 'नटीने स्वतः घेतलेली उडी!' असं बाहेर फलकावर लिहिलं होतं. नाशिक वेडं झालं. दिंडोरीहून लोक बैलगाड्या जुंपून आले. उडी झाली की पुरुष 'वन्स मोअर' ओरडत आणि ऑपरेटर पुंजाराम रीळ पुन्हा लावी.

मागच्या बाकावर जहिदाबी बसायची, एका टांगेवाल्याची विधवा. तिचा एकुलता हारुन घोड्यांच्या नादाने मुंबईच्या फिल्म कंपनीत गेला आणि एका उडीत बुडाला. दफनही तिकडेच झालं. तिला तोंड पाहायला मिळालं नाही. घरात त्याचा फोटोही नव्हता.

"बाई असावी तर अशी!" पंचवटीत भाजी विकणारी कुसाबाई एकदा उडी बघून म्हणाली. "नाहीतर आमचे हे! टांग्यात चढतानासुद्धा धोतर सांभाळतात."

"कुसाबाई, ती बाई नाय," जहिदाबी म्हणाली. "माझा हारुन हाय."

"कायतरीच बोलतेस! एवढी लांब वेणी दिसली नाय तुला?"

"वेणी बांधली असंल. उडीच्या आधी घोड्याच्या कानामागं खाजवतो, ते बघ. आमचा घोडा गोदेत घालताना असंच करायचा."

पुढच्या खेळाला कुसाबाईने नीट पाहिलं. कानामागे खाजवणारा हात तिलाही दिसला. उडी झाली. पाण्यातून नटी हसत वर आली. जहिदाबी मात्र पाण्याकडेच बघत राहिली. 'वन्स मोअर'चा गलका उठला तशी कुसाबाई उभी राहून ओरडली, "गप बसा रे मेल्यांनो! पोरगं गेलंय त्यात!"

"जनान्यात वेगळा सिनेमा सुरू झाला वाटतं!" पुढून कोणी म्हणालं. पुरुष हसले. रीळ पुन्हा लागलं.

शेवटच्या दिवशी, खेळाआधी, जहिदाबी पुंजारामच्या खोलीशी आली. ते दार माझ्या कडेलाच होतं.

"भाऊ, पट्टी तुझ्या हातात असते. त्यात कुठं त्याचं तोंड दिसतं का रे?"

त्याने पट्टी उजेडात धरून पुष्कळ शोधलं. "पाठच हाय, चाची. सगळीकडं पाठच."

"मग उडीच्या आधी थांबव त्याला. जरासा. बघते आणि जाते."

"थांबवता येत नाय. दिव्यापुढं फिल्म उभी राहिली की पेटते. जळून जाईल तो, चाची."

तिने त्याच्या हातातली पट्टी हळूच खाली केली. मग म्हणाली, "नको. चालू दे."

खेळ सुरू झाला. घोडा कड्यापाशी आला. हाताने कानामागे खाजवलं. तेवढ्यात जहिदाबी उठली आणि तिने मला सर्रकन ओढून घेतलं. भर अंधारात, ऐन उडीला! बसायच्या जागेवरून एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या त्या बायका. पण एकीनेही मला परत सारलं नाही. कुसाबाईने माझं टोक घट्ट धरून ठेवलं. पलीकडे शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. अलीकडे तो अजून कड्यावरच होता.

पुढे बायका पडद्याविना बसू लागल्या, ते बरंच झालं. मला गोदामात मोडक्या बाकांवर टाकलं. उंदीर माझ्या कडा कुरतडतात. मला झटकून घडी घाला, असा हट्ट मी धरणार नाही. पण मित्रांनो, तुम्ही सिनेमाला जाल, अशीच एखादी उडी बघाल. टाळ्या वाजवा. फक्त 'पुन्हा दाखवा' म्हणून ओरडण्याआधी, तो पाठमोरा कोण होता, एवढं विचारा. त्याची आई तुमच्या मागेच बसलेली असेल.