हिरव्या चेहऱ्याची संत

“बघ, कसा उजळलाय चेहरा,” म्हणत आमच्या ह्यांनी दुकानातच पदक माझ्या हातावर ठेवलं. सोन्यावर काचेची रंगीत भुकटी वितळवून काढलेल्या संत थेक्लेचा चेहरा काकडीसारखा हिरवा होता.

रविवारी लेकीचं लग्न. तिच्याच नावाच्या ह्या संतबाईचं पदक बापाच्याच हातचं हवं म्हणून ती अडून बसलेली. कॉन्स्टँटिनोपलातल्या निम्म्या बायकांच्या कानांत ह्यांनी घडवलेलं सोनं डुलतं, आणि पोटच्या पोरीच्या वेळी ही थट्टा. माझं डोकंच फिरलं. हिरवा चेहरा कधी असतो का, म्हणून मी फाडफाड बोलले. ह्यांनी आधी कोळशाला दोष दिला, मग काचवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

लेक थेक्ला कोपऱ्यात उभी होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, काल काचेच्या भुकटीच्या वाट्या मीच पुसून नीट मांडल्या.”

मी हिरव्या भुकटीची वाटी उचलून ह्यांच्यापुढे धरली. ही कुठली म्हणून विचारलं. ह्यांनी फळीवरची ती जागा चाचपली, जिथून मी वाटी उचलली होती.

“चेहऱ्याची,” म्हणाले.

मेल्या नशिबा! कधीपासून दिसत नाही, विचारलं तर म्हणे गेल्या ईस्टरपासून. सोन्याची तार बोटांना कळते, रंग कळत नाही. मला एका शब्दानं सांगितलं नाही ह्या माणसानं. आणि सोनारानं घरी सोनं घडवायचं नाही, राजरस्त्यावरच बसायचं, हा कायदा. सोनारांच्या पंचांना कळलं तर रस्त्यावरची ही जागा उद्याच दुसऱ्याला जाईल.

पलीकडच्या दुकानातला सोनार निकेतास कान टवकारून होताच. मान लांब करून ह्यांना विचारलंन, “सिसिनिओस, काय बिघडलं रे?”

“काही नाही, काका,” थेक्ला मोठ्यानं म्हणाली. “मीच हिरवी मागितली होती.”

आणि पोरीनं ते पदक तिथंच गळ्यात घातलं.

लग्नात विहीणबाईंनी नाक मुरडलं, बायका पदराआड हसल्या. मला रडू आवरेना. पोर मात्र पदक बाहेर काढून ताठ उभी राहिली. हे सारखे विचारत होते, कसं दिसतंय? चांगलं दिसतंय, म्हणाले मी, दुसरं काय म्हणणार.

आता रोज ह्यांच्या फळीपाशी मी सूत कातत बसते. घरची कामं पडून राहतात, कंबर धरते, चिडचिड होते. ह्यांचं बोट चुकीच्या वाटीवर गेलं की मी खोकते. निकेतास म्हणतो, वहिनी, तुमचा खोकला काही बरा होत नाही.