खिडकीतून दिलेली बाटली

डार्विन नेपियर औषधाच्या दुकानात शिरला आणि ओपलची नजर आपोआप मागच्या दाराकडे गेली. तीन वर्षांपूर्वी तिथलंच जुनं दार पहारीने उचकटून त्याने गोळ्या लांबवल्या होत्या. कोर्टात बोट दाखवून तिनेच त्याला तुरुंगात धाडलं होतं. आता या डोंगरातल्या गावात व्यसन सोडवणारं, महिनाभर पुरणारं इंजेक्शन द्यायला शिकलेली तीच एकटी होती. दवाखाना होता सत्तर मैलांवर.

"दार नवं बसवलंत वाटतं, ओपलबाई."

"लोखंडी आहे. बस."

"कालपर्यंत गोळ्या मोजत होतात. सुई मारायला शिकलात कुणावर? डुकरावर?"

"फोमच्या गादीवर. तिला तोंड नव्हतं, एवढं बरं होतं."

पहिलं इंजेक्शन घेतल्याचा कागद शुक्रवारी जजसमोर ठेवला, की त्याची सहा वर्षांची मुलगी, केली, कोर्टाने ठेवलेल्या परक्या घरातून त्याच्याकडे येणार होती. त्याच्या शर्टाच्या खिशाला तिची जांभळी केसांची पिन लावलेली होती. ओपलने तिकडे बघायचं टाळलं.

फ्रिजमधला इंजेक्शनचा खोका सकाळीच बाहेर काढून ठेवला होता. पण शिकवणाऱ्या नर्सने बजावलं होतं, आधी विचारायचं, मगच खोका फोडायचा.

"दहा दिवसांत गोळी, पुडी, काही?"

"नाही. हवी तर लघवी तपासा."

"साधं औषध?"

"खोकल्याचं. तुमच्याच दुकानातलं. आईने गाडीत बसूनच तुमच्या खिडकीतून घेतलं. आज सकाळीही प्यायलो."

ओपलने कॉम्प्युटरवर नोंद काढली. गेल्या गुरुवारी गाड्यांची रांग पार चर्चपर्यंत गेली होती. बाटलीत कोडीन होतं, म्हणजे अफूचीच जात. त्याची फाईल न उघडताच बाटली दिली होती. खाली सही तिचीच.

तिने खोका परत फ्रिजमध्ये ठेवला.

"आज नाही देता येणार. त्या बाटलीत कोडीन आहे. वर हे टोचलं तर तासाभरात उलट्या करत लोळशील. दहा दिवस थांबावं लागेल."

डार्विन ताडकन उठला. "मुद्दाम केलंत! तेव्हा बोट दाखवलंत, आता बाटली दिलीत! पोरीला काय सांगू?"

"ओरडू नकोस."

"ओरडणारच!"

ओपलने जजसाठी पत्र लिहायला घेतलं. 'रुग्णाने कोडीन घेतले' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तरी ते खरंच ठरलं असतं. पेन क्षणभर तिथे थांबलं. मग तिने लिहिलं: बाटली मी दिली, नोंद न तपासता. त्याला कल्पना नव्हती. चूक माझी.

कोर्टात फॅक्स गेला. उत्तर येईपर्यंतची वीस मिनिटं दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. सुनावणी दोन आठवडे पुढे ढकलली होती. पोरीच्या ताब्याचा अर्ज कायम होता.

डार्विनने ओपलचं पत्र दोनदा वाचलं. "यावरून तुमचं लायसन जाईल."

"जाईल तेव्हा बघू."

"मी आभार मानणार नाही."

"मागितलेत कुणी? उरलेली बाटली परत आण. आणि दहा दिवस भरले की ये, सकाळी नऊ वाजता."

दारापाशी तो थबकला. "सुई जाड असते म्हणतात. दुखतं?"

"चांगलंच."

"मग तुम्हाला बरं वाटेल."

"थोडंसं," ओपल म्हणाली, आणि वहीत नऊच्या पुढे त्याचं नाव लिहिलं.