भरलेल्या वर्षांचं माप

"हे बघा बाबा, इथून इथपर्यंत." मुलीने सुईचं टोक लाकडाच्या कांडीवरून सरकवलं. "किती रुंद वलयं आहेत! या वर्षांत नदी दुथडी भरून वाहत होती."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांनी भिंगातून पाहिलं. खोऱ्यातल्या जुन्या झाडांच्या खोडांतून पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि तिच्यातल्या वलयांवरून नदीचं जुनं पाणी ताडायचं, हे मुलीचं काम. बारीक वलय म्हणजे दुष्काळ.

"आणि बाकीची वर्षं?"

"चारशे वर्षांत एवढं पाणी पुन्हा नाही."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. नेमक्या त्याच वर्षांत त्यांनी नदी मोजली होती. त्या आकड्यांवर धरण उभं राहिलं. 'कालवा बारमाही वाहील, माझा शब्द,' असं सांगत त्यांनी काठावरचं गाव माळावर हलवलं. कोणी हलेना, तेव्हा सख्ख्या थोरल्या बहिणीला आधी घर सोडायला लावलं. तिच्यामागून गाव उठलं. कालव्यात आता काटेरी झुडपं माजली होती.

"तुमची चूक नाही, बाबा. मोजलंत ते बरोबरच होतं."

"ते ताईला कोणत्या तोंडाने सांगू?"

आजवर ताईकडे पाण्याचा विषय निघाला की ते चप्पल शोधू लागत. दुसऱ्या दिवशी मात्र गेले.

"काय साहेब, आज वाट चुकलात?" ताई हसली.

त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "नदीत तेवढं पाणी कधी नव्हतंच, ताई. चार चांगली वर्षं बघून मी शब्द दिला. तुला उठवलं." मान वर होईना.

"म्हणजे नदीच्या वरच्या गावांनी पाणी चोरलं नाही?"

"नाही."

"आणि मी त्यांना शिव्या घालत बसले!" मग तिचा आवाज उतरला. "मला वाटायचं, ते पाणी अडवणार हे तुला आधीच माहीत होतं. माहीत असून उठवलंस."

ते हादरले. "मग कधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं आणि तू हो म्हणाला असतास, तर भाऊ कुठून आणला असता?"

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. गुडघ्यावर हात टेकून ताई उठू लागली, तसे त्यांनी कोपऱ्यातले दोन हंडे उचलले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. बायका कुजबुजल्या. पुढच्या म्हातारीने मागे वळून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग तिने आपली बादली थोडी पुढे सरकवली आणि त्यांना सावलीत जागा करून दिली.