सत्काराची शाल आणि मोहनरावांचा जंतू

मंगळवारी सकाळी साडेदहाला कळलं, की मोहनरावांच्या लघवीतला जंतू व्हॅन्कोमायसिन या औषधाला जुमानत नाही.

बीडच्या एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. पंचशीलाने काचेची बशी उजेडात धरली होती. औषध लागू पडत असेल, तर बशीतल्या औषधाच्या टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. इथे जंतू टिकलीला खेटून बसला होता, सभेत पहिल्या रांगेत बसलेल्या कार्यकर्त्यासारखा. हा जंतू, एन्टेरोकॉकस, तसा माणसाच्या आतड्यातला जुना भाडेकरू. पण तो या औषधाला दाद देईनासा झाला, की रुग्णाला ताबडतोब वेगळ्या खोलीत हलवायचं असतं.

वॉर्डला फोन लावायला तिने मोबाइल उचलला, तर समोर मोहनरावांचा कार्यकर्ता बंकट याने टाकलेला ताजा फोटो. फोटोत तिचे वडील जालिंदर, खांद्यावर जरीकाठाची शाल, हात जोडलेले. शेजारी हसरे मोहनराव. खाली ओळ: ‘रुग्णशय्येवरून ज्येष्ठ कामगाराचा हृद्य सत्कार’.

पंचशीला लिफ्टसाठी थांबली नाही.

जालिंदर परळीच्या औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेले. मूत्रपिंडं थकल्यामुळे डायलिसिसवर होते आणि त्यासाठी मानेत बसवलेल्या नळीला मागच्या आठवड्यात संसर्ग झाला होता. तो जंतू वेगळा, साधा. व्हॅन्कोमायसिनने त्यांचा ताप नुकता उतरला होता. पलीकडच्या खाटेवरचं बिऱ्हाड त्यांच्या अंगात शिरलं, तर हेच औषध निकामी ठरणार होतं.

पलीकडच्या खाटेवर सिरसाळ्याचे मोहनराव. स्पेशल खोलीचा एसी बंद पडल्यामुळे ते ‘जनतेत’ आले होते. लघवी अडल्याने नळी घातलेली, आणि त्या अवस्थेत ते खरेदी-विक्री संघावर बिनविरोध निवडून आले. मग सत्कारांची रांग लागली. रिकाम्या हाताने आलेल्यांची अडचण होऊ नये म्हणून बंकटने पिशवीत एक बरी शाल ठेवली होती. पाहुण्याने ती साहेबांच्या खांद्यावर घालायची, फोटो काढायचा, बंकटने काढून घडी करायची, पुढच्याच्या हातात द्यायची. शिवाय साहेबांची लघवीची पिशवीही तो स्वतःच रिकामी करायचा. नर्सला हात लावू देत नसे. निष्ठा म्हणजे निष्ठा. मग तोच हात धोतराला पुसून तो शाल उचलायचा.

हे सगळं पंचशीलाने वॉर्डात उभ्या उभ्या बंकटकडून काढून घेतलं. त्याला यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

“शाल कुठंय?” तिने विचारलं.

“मलाबी तेच इचारायचंय,” जालिंदर म्हणाले. “फोटो झाला आन शाल गेली. मी हात जोडूनच बसलोतो.”

शाल नेकनूरला गेली होती. तिथे एका मुख्याध्यापकांचा निरोपसमारंभ होता आणि मोहनरावांनी आपल्या वतीने ती पाठवली होती.

मोहनरावांना वेगळ्या खोलीत जायचं नव्हतं. एसी नसलेल्या खोलीत कोंडून घेतल्यावर विरोधकांना काय सांगायचं, हा त्यांचा मुद्दा. असला जंतू आपल्यासारख्याच्या वाटेला आलाच कसा, असंही त्यांनी विचारलं. पंचशीलाने त्यांना सोप्या भाषेत सांगितलं. जंतू आपल्या अंगाभोवती भिंत बांधतो. भिंतीच्या प्रत्येक विटेला शेपूट असतं आणि औषध त्या शेपटाचं टोक पकडून बांधकाम थांबवतं. या जंतूने टोकाचा तुकडाच बदलला. शेपूट तेच दिसतं, पण औषधाची पकड निसटते. ही विद्या देणारे जनुक दोन तऱ्हेचे सापडतात. काही जातींचे जंतू ती जन्मतःच घेऊन येतात. ती थोडकी असते आणि सहसा घरातच राहते. दुसरी बाहेरून मिळते. डीएनएच्या एका फिरत्या तुकड्यावर बसून ती या जंतूकडून त्या जंतूकडे जाते. सोयरीक लागत नाही, गोत्र बघत नाहीत, कधी कधी जातही वेगळी चालते.

“म्हंजे जंतू आपल्याम्होरं गेलेत,” जालिंदर म्हणाले.

मोहनरावांनी तिकडे दुर्लक्ष केलं. “मॅडम, मंग आमचं खानदानीच असणार. आमी भायेरचं कायी घेत न्हाई.”

“पक्ष तेवढे घेतले,” जालिंदर म्हणाले.

ड्रिप लावायला आलेली नर्स तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिली.

शेवटी मोहनराव हलले, ‘विश्रांतीसाठी’ असा निरोप बाहेर देऊन. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा नमुना घ्यायचा होता. तो गुदद्वारातून घेतात, हे कळताच बंकटला आठवलं की शाल आणायला आपणच नेकनूरला गेलं पाहिजे. तो जिन्यावरून दिसेनासा झाला. जालिंदर कुशीवर वळले.

“पोरी, तू घेऊ नको. दुसऱ्या कुणाला सांग.”

“मी बाहेरच थांबते, दादा.”

“आन मोहनरावाचा घेतला का?”

“त्यांचा लागत नाही. त्यांचं आधीच सिद्ध झालंय.”

“मोठ्या माणसाचं असंच असतंय,” ते उशीत तोंड खुपसून म्हणाले.

पंचशीला दाराबाहेर उभी राहिली. तिला हसू आलं नाही. हा जंतू नळीवर बसला आणि मानेतली नळी काढून नवी घालायची वेळ आली, तर अंगात दुसरी जागा उरली नव्हती. हे तिला आणि जालिंदरांना, दोघांनाही ठाऊक होतं.

मोहनरावांच्या जंतूची एक साधी परीक्षा तिने त्याच दुपारी लावली. मऊ जेलीच्या नळीत जंतू सुईने टोचायचा. जन्मजात विद्येचा असेल तर तो बहुधा पोहत जातो आणि जेली गढूळ होते. बुधवारी सकाळी जेली स्वच्छ होती, मधोमध फक्त सुईची सरळ रेघ. जंतू जागचा हलला नव्हता. संध्याकाळी संभाजीनगरच्या प्रयोगशाळेने जनुकाचं नाव कळवलं: व्हॅन-ए. बाहेरून मिळणारा, फिरता. मोहनरावांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मशीन तपासून घ्यायला सांगितलं.

बंकट नेकनूरहून रिकाम्या हाताने परतला. मुख्याध्यापकांनी समारंभातच ती शाल प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यावर घातली होती आणि पाहुणे जेवून परळीच्या गाडीला बसले होते. त्यांचा फोन लागत नव्हता. बंकटने हे सगळं वॉर्डाच्या दाराबाहेरूनच सांगितलं. नमुन्याची गोष्ट तो विसरला नव्हता.

जालिंदरांच्या नमुन्याची बशी व्हॅन्कोमायसिन घातलेली होती. तिच्यावर काही उगवणं म्हणजेच बातमी. बुधवारी ती कोरी होती. गुरुवारी सकाळी कडेला मोहरीहून बारीक एक दाणा दिसला. पंचशीलाने तो सुईने उचलला, अर्धा जेलीत टोचला, अर्धा संभाजीनगरला धाडला.

दुपारी ती वॉर्डात गेली, तेव्हा जालिंदरांनी आधी नर्सकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“खानदानी का भायेरचा?”

“अजून कळलं नाही, दादा.”

“खानदानी निघाला तर मोहनरावाला सांगू नको. त्याच्या जिवाला लागंल.”

गुरुवारी दुपारी चारपर्यंत जालिंदरांना ताप नव्हता. शाल सापडलेली नव्हती. जेलीची नळी अजून स्वच्छ होती, पण गढूळ व्हायला रात्र जावी लागते आणि टोचून फक्त पाच तास झाले होते.