सुमनचा मासा

"अहो, लवकर या... हा इथे कसा आला?"

अनुराधाच्या पायाशी, कार्पेटवर, लाल मासा पडला होता. वाळून ताठ झालेला, डोळा सताड उघडा.

शशी चहाचा कप हातात तसाच घेऊन धावत आला आणि मटकन खाली बसला.

दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्याने रॅस जातीचे रंगीत मासे पाळले होते, आणि हा लाल नर त्यांचा राजा. पहिल्या बायकोने, सुमनने, हौसेने आणलेला. सुमन गेली, मासा राहिला. अनुराधा ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात लॉन्ड्रीत जन्म काढून, साठीला रजिस्टर लग्न करून मिल्टन कीन्सच्या या घरात आली, ती नुकतीच. लोक काय म्हणतील याला ती कधीच भीक घालत नसे. भीती एकीचीच होती, शशीच्या मुलीची, तनूची.

परवा शशीने नवा पिवळा रॅस आणून टाकीतच टांगलेल्या भोकाभोकांच्या पारदर्शक डबीत ठेवला होता. जुन्यांना नव्याची सवय होईपर्यंत त्याला असंच ठेवायचं असतं. हे अनुराधाला सांगायला मात्र साहेब विसरले. तिला दिसला तो घरात नवा आलेला एक जीव, कोंडलेला, आणि बाहेरून त्याच्याकडे रोखून बघणारे बाकीचे. तिला ते बघवेना. काल दुपारी घरात कुणी नसताना तिने टाकीचं जाळीचं झाकण उचललं आणि उंबरठ्यावरचं माप लवंडावं तशी डबी लवंडली. तिच्यासाठी माप कुणी ठेवलं नव्हतं. झाकण परत बसवताना एक कोपरा उघडाच राहिला, तो तिच्या लक्षात आला नाही.

"मीच सोडलं त्याला," ती कशीबशी म्हणाली. "मला वाटलं, बिचारा..."

"नव्याच्या अंगावर धावला असणार हा. आणि त्याच झटापटीत उडी..." शशीने कप खाली ठेवला. "मार खायचा नव्याने, अन् गेला हा?"

तनू जिन्यात थिजून उभी होती. "ओ माय गॉड. डॅड, तो ममची फिश होता!"

तनूचं मराठी मोडकं, पण ते बरोबर जागी लागलं. अनुराधा वर गेली आणि अजून पुरती न उघडलेली बॅग परत भरायला लागली. साड्यांच्या घड्या बसेनात.

"आंटी, खाली या ना."

दारात तनू होती. डोळे लाल. तिने अनुराधाला टाकीपाशी नेलं. पिवळा मासा कुठेच नव्हता.

"हासुद्धा गेला?" अनुराधा काचेजवळ वाकून शोधायला लागली.

"नाही. घाबरला की वाळूत लपतो. बघा."

वाळू हलली. पिवळं तोंड तेवढं वर आलं.

"सोमवारी मी युनिला परत जाणार," तनू म्हणाली. "डॅड सगळं विसरतो. झाकण असं दाबायचं, टक वाजेपर्यंत. ममने शिकवलं मला."

अनुराधाने कोपरा दाबला. वाजलं नाही. तनूने आपला हात तिच्या हातावर ठेवून जोर दिला.

टक.

पाण्यात रिकामी डबी तशीच लोंबकळत होती. ती काढायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही.