अर्ध्या लिटराची बोली

कन्नड मुलखात बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांच्या भिंती जिथे संपतात, तिथे खंडोजीचे पाऊण एकर तांबडे रान आहे. तिन्ही बाजूंना गोदामे उभी राहिली, तरी मधल्या ओलसर मातीत माठ, शेपू आणि मेथी अजून निष्ठेने उगवतात. आश्विनातली ती सकाळ दवाने जड झाली होती. जुड्या बांधून झाल्या, त्यांवर पाण्याचा हबका मारून झाला आणि खंडोजीने मोटारसायकलला किक मारली. असा काही बार उडाला, की गोठ्यातली गाय दावे तोडून थेट शेपूच्या वाफ्यात शिरली.

“आता पिळा तिची कास!” त्याची बायको सगुणाबाई दारातून कडाडली. “दोन महिनं झालं, ह्या आवाजानं दूध चोरतीया. फटफटी हाय का तोफ?”

“मी केलीया का तोफ? आधीच्या मालकानं केलीया. तू गाय धर.”

“गाय धरते की! बसवनगुडीच्या अक्कांचं तोंड कोन धरनार? काय बोलल्या त्या? अण्णा, भाजी आणा, पन गाडी कोपऱ्यावर ठेवून चालत या.”

बोलणे अक्षरशः खरे होते. बसवनगुडीतली वीस-बावीस घरे त्याच्या वडिलांच्या काळापासून याच रानातली भाजी खात आली होती. वडील सायकलवरून जात. खंडोजीचे गुडघे धरले, तेव्हा त्याने शहरातल्या शिवाजीनगरातून ही जुनी मोटारसायकल घेतली. लिटरला पंचावन्न किलोमीटर देते, असे विकणाऱ्याने शपथेवर सांगितले होते. प्रत्यक्षात ती तीस देत होती. आधीचा मालक कॉलेजातला कोणी तरुण. त्याने मूळचा सायलेन्सर काढून आखूड, पोकळ नळी बसवली होती, केवळ रस्त्याने लोकांनी माना वळवाव्यात म्हणून.

चाळीसच्या खाली गाडी गेली, की भाजीत हाती काही उरत नसे. मुलगा अभिराज कारखान्यात कामाला. त्याचे म्हणणे सरळ होते.

“आप्पा, साकु की आता, पुरे झालं. आमच्या कंपनीच्या गेटावर वॉचमन पायजे. सावलीत खुर्ची, वर पंखा. कशाला येवढा जाच?”

“गाडी सुधारली की जाच संपतोय.”

“दोन महिनं हेच ऐकतोय मी.”

शेवटी बापलेकांत बोली ठरली. येत्या सोमवारी अर्धा लिटर पेट्रोल बाटलीत मोजून घ्यायचे आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. वीस किलोमीटर गेली तर अभिराजने वॉचमनचे नाव काढायचे नाही. कमी पडली, तर खंडोजीने निमूटपणे गेटावर बसायचे.

खंडोजीने जुना, पण मूळ बनावटीचा सायलेन्सर शोधून आणला आणि स्वतः बसवला. आवाज शांत झाला. गाय पान्हा सोडू लागली. एवढे पुण्य पदरी पडले. परंतु तीसची सत्तावीस झाली! धूर काळा येऊ लागला, प्लग काजळीने माखू लागला. गोदामाचा ड्रायव्हर म्हणाला, ऑइल बदला. दूध डेअरीवाला म्हणाला, पेट्रोलपंपच बदला. खंडोजीने दोन्ही केले. गाडी सव्वीसवर आली.

शनिवारी तो गाडी घेऊन शिवाजीनगरला गेला. सगुणाबाई मागे बसून गेली. या वेळी तो पुन्हा फसणार नाही, हे तिला स्वतः पाहायचे होते. तिथे नरसिंहराव नावाचे वृद्ध मिस्त्री आहेत. मराठी माणसाशी मराठी, इतरांशी कन्नड आणि गिऱ्हाईक घाई करू लागले की मौन, अशी त्यांची रीत. त्यांनी सगळी हकीगत ऐकली, चष्मा पुसला, बाजूचे झाकण उघडले आणि आत बोट घालून दोन पदरी लुगड्याचा तुकडा बाहेर ओढला. हवा आत जाण्याच्या तोंडावर तो सुतळीने आवळून बांधलेला होता.

“हे काय हो?” त्यांनी विचारले.

सगुणाबाईने पदर सावरला.

“दादरा हाय त्यो. मी बांधलाय. सायलेन्सर बसवला त्या दिशी ह्यांनी झाकण उघडं टाकून आंगोळ केली तवा बघितलं, तर डबड्याचं तोंड सताड उघडं. आत चाळणी न्हाई, काय न्हाई. टिपर ट्रकांची लाल माती आत जात होती. लोनच्याच्या बरणीला बांधतो तसा बांधला.”

“लोणच्याला वारा लागू द्यायचा नसतो, अक्का. इंजनाला वारा लागतो.”

दुकानातली माणसे हसली. खंडोजी मात्र हसला नाही.

“ह्या चिंधीपायी माझा जीव खाल्लास? ऑइल बदललं, पंप बदलला, लोकांचं पाय धरलं, आन तू घरात बसून गाडीचं नाक दाबलंस?”

“मला काय ठावं तिला नाक हाय ते! तुमी तरी कवा बघितलंसा?”

“दोघंबी स्वल्प थांबा,” नरसिंहराव म्हणाले. “चूक एकट्या फडक्याची न्हाई. त्या पोरानं पोकळ नळी लावली, तेव्हा कार्बोरेटरातला जेट मोठ्या भोकाचा घातला. पेट्रोल जास्त यावं म्हणून. तू नळी बदललीस, जेट तसाच ठेवलास. गाडी मोठ्या घोटानं पितीय आणि श्वास घेतीय लुगड्यातनं. काळा धूर येणार नाही तर काय? आणि अक्कांवर ओरडू नको. त्या पोरानं फिल्टरबी काढून फेकलाय. माती आत जाऊन पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. हे फडकं नसतं, तर आणखी झिजल्या असत्या.”

त्यांनी फिल्टर बसवला. डब्यातले पितळी तुकडे उजेडात धरून धरून मूळ मापाचा जेट हुडकला आणि तोही घातला.

“आता चाळीस देईल न्हवं?”

“बरीच सुधारेल. पण झिजलेल्या रिंगांना जेट काय करील? मी शब्द देत नाही.”

सगुणाबाईने तो तुकडा घडी करून कमरेला खोचला.

सोमवारी पेट्रोलची नळी टाकीपासून सोडवून हँडलला टांगलेल्या बाटलीला जोडली. भाजीचे गाठोडे टाकीवर आणि मागे साक्षीदार म्हणून अभिराज. गाडी खरोखर गोड चालली. धूर नाही, आचके नाहीत. खंडोजीच्या मुद्रेवर दोन महिन्यांनी समाधान दिसले. पुढे सिल्क बोर्डाच्या चौकात वाहने एकमेकांना चिकटून उभी राहिली आणि बाटलीतली पातळी उभ्या जागी उतरू लागली. खंडोजीने इंजिन बंद केले व दोन्ही पायांनी गाडी पुढे रेटू लागला.

“आप्पा, ढकललेलं धरायचं न्हाई!”

“कोन ढकलतोय? गाडीच सरकतीया. उतार हाय.”

“हितं? हितं चढ हाय, आप्पा!”

“मग तू उतर. वजन कमी कर.”

“मी उतरलो तर मोजनार कोन?”

जयनगरच्या एका वळणावर बाटली रिती झाली. गाडी दोनदा खोकली आणि थांबली. दोघे वाकून निघताना शून्यावर आणलेले काट्याखालचे आकडे वाचू लागले. एकोणीस. खंडोजीने काचेवरची धूळ अंगठ्याने पुसून पुन्हा वाचले. एकोणीसच.

अभिराजने वर पाहिले. बापाच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि गाठोड्यातली मेथी उन्हाने माना टाकू लागली होती.

“सरी, आप्पा, असू दे,” तो हळूच म्हणाला. “सिग्नलला लई जळलं. वीसच धरू या.”

“न्हाई. एकोनीस म्हंजे एकोनीस. बोली ती बोली. साहेबाला आजच सांग, मी गेटावर बसतो.”

अभिराजला यात आनंद वाटायला हवा होता, तो वाटला नाही. खंडोजीने बाटली सोडली, नळी पुन्हा टाकीला जोडली आणि हात धोतराला पुसले.

“फकस्त रातपाळी माग.”

“रातपाळी? आन दिसा?”

“दिसा बसवनगुडी.”

“आप्पा, चाळीस देत न्हाई ही! रोज खिशातलं जाईल.”

“म्हनून तर रातचा पगार पायजे.” खंडोजीने किक मारली. “बस मागं. पहिल्या घरी डब्याची भाजी करायची येळ झाली.”