यंदा ‘ड’ कुणाचा?

“यंदा ‘ड’ कुणाचा?” बाईंनी दरवर्षीच्या सवयीने विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यांचं त्यांनाच काहीतरी झालं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

एरवी या प्रश्नावर आमच्या खोलीत हशा पिकायचा.

आमची खोली गेज तपासण्याची. वाफेचा, हवेचा, पाण्याचा दाब दाखवणारं कारखान्यातलं प्रत्येक गेज वर्षातून दोनदा आमच्या टेबलावर येतं. ते खरं बोलतंय की खोटं, हे आम्ही बघतो आणि लेबल लावून परत पाठवतो. पाच माणसं, आणि वर विभागप्रमुख बाई. कंपनीचा नियम असा की वर्षाअखेरीस पाचांतल्या एकाला ‘ड’ श्रेणी द्यायचीच. म्हणजे काम अपेक्षेपेक्षा कमी. पाचही जण नीट काम करत असतील तर काय, याची सोय फॉर्मात नव्हती. म्हणून नऊ वर्षांपूर्वी बाईंनी पाळी लावली. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने पाच नावं, नावापुढे वर्षं. ज्याची पाळी त्याला एचआरचं पत्र यायचं, ‘आपल्या कामात उत्साहाचा अभाव आढळतो.’ ते त्याने खुर्चीवर उभं राहून भाषणासारखं वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याला चहा पाजायचा. एवढीच काय ती शिक्षा.

सोमवारी परिपत्रक आलं. यंदा ‘ड’ श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांना सेवेतून मुक्त करण्यात येईल.

“मुक्त म्हणे,” लेबलं लावणारी ताई म्हणाली. “जसं काही इतकी वर्षं आपण दार वाजवत बसलो होतो, सोडा म्हणून.”

कुणी हसलं नाही. सगळे कपाटाकडे बघायचं टाळत होते, त्यात मी सगळ्यात जास्त.

माणसांचा हिशेब मनात ठेवायची मला खोड आहे. ताई आठवड्यातून दोनदा उशिरा येते आणि कारणं तीन सांगते. थोरला फिटर काम करतो एक तास आणि दमतो दोन तास. धाकटा दोन्ही वेळा थोरल्याला साथ देतो. काटेरावांच्या खात्यावर मात्र मला उणं काही सापडलं नाही, आणि मी शोधलं नाही असं नाही. गेजच्या काचेवर नखाने टकटक करून काटा कसा थरथरतो हे बघत बसायचे, म्हणून त्यांचं नाव काटेराव पडलं. वय चोपन्न. बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. घर कारखान्याच्या भिंतीपलीकडेच. जेवणाच्या सुट्टीत धावत जायचे, तिला कुशीवर वळवायचे, भरवायचे आणि भोंग्याच्या दोन मिनिटं आधी परत.

गेल्या वर्षी ‘ड’ची पाळी माझी होती. पण मी बदलीचा अर्ज टाकला होता, फाइलवर ‘ड’ नको होता. हात धुताना नळापाशी मी काटेरावांना गाठलं.

“यंदाचा माझा तुम्ही घ्या. पुढच्या वर्षी तुमची पाळी आहे, ती मी घेतो.”

“द्या की. मला कुठं आता नवरदेव व्हायचंय?”

बाईंनी दारावर माझ्या नावापासून त्यांच्या नावापर्यंत आणि तिथून परत माझ्यापर्यंत बाण काढला. बदली काही झाली नाही. बाण राहिला.

मंगळवारी बाई आम्हा दोघांना घेऊन एचआरमध्ये गेल्या. तिथला साहेब तरुण, बोलायला गोड. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

“साहेब, हे ‘ड’ खरे नाहीत हो,” बाई म्हणाल्या. “आम्ही ते पाळीने देतो.”

“म्हणजे नऊ वर्षं तुम्ही खोटे शेरे लिहिलेत, मॅडम?” साहेबाने अगदी काळजीने विचारलं. “तसं लिहून द्या. पण मग मला तुमच्या विभागातून एकाऐवजी सहा नावं वर पाठवावी लागतील.”

बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला.

साहेबाने काटेरावांची फाइल उघडली. “चार वेळा ‘ड’. चारही पत्रांवर ‘मान्य’ म्हणून सही.”

ताईचं बाळंतपण होतं त्या वर्षी तिचा त्यांनी घेतला होता. धाकट्या फिटरला कायम करायचं होतं तेव्हा त्याचा. मग माझा. स्वतःचा असा एकच. कागदावर आमच्या खोलीतला सगळ्यात नालायक माणूस तोच होता.

“साहेब, एकदा खोलीत येऊन काम बघा तरी,” काटेराव म्हणाले.

“येईन की. पण मला त्यातलं काही कळत नाही, काका. मी श्रेणी बघतो.”

बाहेर पॅसेजमध्ये काटेराव भिंतीला हात लावून थांबले. “घर जवळ होतं म्हणून निभत होतं हो. दुसरीकडे दुपारचं कोण सोडणार मला? तिला कोण वळवणार?”

“होईल काहीतरी,” मी म्हणालो.

खोलीत आल्यावर बाई एवढंच बोलल्या, “शुक्रवारी दुपारपर्यंत नाव द्यायचंय. बाण कुणाकडे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी कुणाला काही म्हणणार नाही.” थोरला फिटर त्या दिवशी जन्मात केलं नव्हतं इतकं काम करत होता.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने दोन्ही पोरांकडे बघितलं आणि विचारलं, “तुम्ही काही लिहून दिलं होतं का?”

“नाही. दारावर पेन्सिलीचा बाण आहे.”

“मग?”

शुक्रवारी मी पाऊण तास लवकर निघालो. खिशात मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर होतं.

खोलीत दिवा लागलेला होता. काटेराव आपल्या टेबलाशी बसून काचेवर टकटक करत होते. कपाट उघडं होतं. दारावर बाण नव्हता. काचा पुसायच्या स्पिरिटच्या फडक्याने त्यांनी ती जागा पुसली होती, आणि मळकट दारावर तेवढाच पट्टा नव्यासारखा उजळ दिसत होता. पट्ट्याच्या वर-खाली नावं जशीच्या तशी. त्यांच्या नावापुढे हे वर्ष.

“लवकर आलात?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“हो. तुम्ही?”

“तिला झोप नव्हती, मग मीही उठलो.” फडकं घडी घालून ठेवत म्हणाले, “दार पुसून टाकलं जरा. फार रेघोट्या झाल्या होत्या.”

पाळी माझी आहे. तीन शब्द होते. घशापर्यंत आले होते, हे मी शपथेवर सांगतो. खिशात खोडरबर घामाने चिकट झालं होतं.

“चहा सांगू?” मी म्हणालो.

“आत्ता नको. पत्र आल्यावर.”

पत्र बुधवारी आलं. ते खुर्चीवर चढले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. पण वाचलं मात्र भाषणासारखंच. ‘उत्साहाचा अभाव’ इथे थांबून त्यांनी नेहमीप्रमाणे आमच्याकडे बघितलं, हसायला जागा दिली. ताई लेबलांच्या गठ्ठ्यात तोंड घालून बसली होती. चहा मी मागवला होता. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप विसळला, पालथा घातला आणि जेवणाचा भोंगा झाल्यावर धावत घरी गेले.

आता परत यायची घाई नव्हती. परत आले नसते तरी कुणी विचारणार नव्हतं.

भोंग्याच्या दोन मिनिटं आधी ते आले. टेबलावर एक गेज राहिलं होतं. त्यांनी काचेवर टकटक केली, काटा स्थिर होईपर्यंत बघत राहिले आणि लेबल घेतलं. पुढील तपासणीपुढे सहा महिन्यांनंतरची तारीख घातली, खाली सही केली, आणि लेबलाच्या चारही कडा नखाने नीट दाबून बसवल्या.